मे महिन्यात आखलेले वाफे

मागीलदारी भाजीचे वाफे करायचे असं ठरवून गेल्या वर्षी मे महिन्यात मी ग्राफपेपर आणला. घरात सगळ्यांनी आधी हसून घेतलं, कारण आमच्याकडे भाजी लावायला कुणी कधी कागद वापरलेला नाही. सासूबाई, म्हणजे आई, रोहिणी नक्षत्र सुरू झालं की पदराला बांधून ठेवलेल्या बिया सोडतात, कुदळीने चार आळी करतात आणि श्रावणात काकड्या पडवळं काढतात, संपलं.

मग मलाच ही हुक्की का आली, तर सांगते. आमचं घर लांजा तालुक्यात, आम्ही ठाण्याहून येऊन दोन वर्षं झाली, नवरा घरून काम करतो (रेंज असेल त्या दिवशी), आणि पावसाळा सोडला तर आठ महिने आम्ही बाजारातून भाजी आणतो, जी बहुतेक सगळी घाटावरून येते. कोथिंबिरीची जुडी घरी येईपर्यंत मान टाकते. एवढं मोठं परसू असताना मुळ्याला पैसे मोजायचे हे मला पटेना. पण अडचण अशी की आमच्या मागीलदारी माती जवळजवळ नाहीच. कुदळ मारा, वीतभर खाली ठण्ण वाजतं. कातळ. आईंची आळी जिथे आहेत ना तिथेच काय ती माती आहे, ती त्यांना लग्न होऊन आल्यापासून पाठ आहे. बाकी सगळा जांभा.

तर खाली जाता येत नाही म्हणून वर जायचं. यूट्यूबवर याला रेज्ड बेड म्हणतात, रोपवाटिकावाले गादीवाफा म्हणतात, आई ‘तुझे ते हौद’ म्हणतात, आणि जुलैत त्यांचं म्हणणं किती खरं ठरलं ते पुढे येईलच.

व्हिडिओत सगळे लाकडाच्या फळ्यांचे वाफे करतात. आमच्याकडे लाकूड जमिनीला टेकवलं की वाळवीला जेवणाचं आमंत्रणच. पत्र्याचे तयार वाफे मिळतात पण एप्रिलमध्ये त्या पत्र्याला हात लावून बघा. शेवटी चिरा, म्हणजे जांभ्याचा कापीव दगड. तो इथलाच, स्वस्तातला, पावसाला दाद न देणारा. आमच्याकडे येतो तो चिरा 14 इंच लांब, 9 इंच रुंद आणि 7 इंच जाड, एकेक तीसेक किलोचा. दोन थर लावले की 14 इंच उंची, भाजीच्या मुळांना तेवढी पुरते.

मग मी कागदावर चार वाफे काढले. आतून 8 फूट लांब, साडेतीन फूट रुंद. रुंदी साडेतीन का, तर दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचायला हवा, वाफ्यात पाय ठेवायचा नाही, पाय ठेवला की माती दबते आणि मग गादीवाफ्याचा काय उपयोग. दोन वाफ्यांमध्ये दोन फूट वाट. खूप हुशारीने केलं असं मला वाटत होतं. आतला घेर 23 फूट, भागिले 14 इंच, म्हणजे एका थराला 20 चिरे, दोन थरांना 40, चार वाफ्यांना 160, वर तुटफुटीला 15. मी 175 चिरे सांगून मोकळी झाले.

गवंडी आला, त्याने कागद बघितला, आणि मिशीतल्या मिशीत म्हणाला, वहिनी, चिऱ्याला जाडी असते. घेर आतला धरला होता मी! 9 इंच जाडीची भिंत बाहेर जाणार, कोपरे येणार, ते कोण धरणार? एका वाफ्याला 40 नाही, 45 लागले. तिसरा वाफा पुरा झाला तेव्हा तीन चिरे फुटलेले आणि 37 उरलेले. चौथ्याला आठ कमी. आता आठ चिऱ्यांसाठी टेम्पो कोण आणणार, टेम्पोवाल्याने फोनवरच हसून विषय संपवला. ते 37 चिरे फणसाखाली रचून ठेवले, नंतर बघू म्हणून.

माझी दुसरी चूक तेव्हा कुणालाच दिसली नाही, गवंड्यालासुद्धा नाही. तिसरा वाफा मी उत्तरेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चिकटून घेतला, जागा वाचते म्हणून. दोन्हीकडून हात पोचायचा नियम माझाच आणि तो मीच मोडला. एका बाजूने 9 इंच चिरा ओलांडून हात जेमतेम दीड फूट आत जातो, पुढचे दोन फूट देवाच्या भरवशावर. आणि पलीकडून गडग्यावर चढून वाकावं म्हटलं तर आईंनी तिथल्या तिथे बंदी घातली. ‘अगो, गडग्यात फुरशी असतात, तिथे कुठे हात घालतेस.’ फुरसं म्हणजे विषारी साप, रत्नागिरीकडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

भरण्याचा हिशोब मात्र बरोबर आला. एका वाफ्यात साधारण 33 घनफूट, तीन मिळून 98, म्हणजे जवळजवळ एक ब्रास (शंभर घनफूट). सगळी माती विकत घ्यायची तर खिशाला भोक, म्हणून तळाला नारळाची सोडणं उलटी पसरली, त्यावर वर्षभर झाडून गोळा केलेला पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, पाय देऊन दाबला, त्यावर माती आणि शेणखत मिसळून. माती ‘एक नंबर, शेतातली’ म्हणून आली आणि ओतल्यावर कळलं की कुणाच्या तरी घराच्या पायातली आहे, निम्मी खडी. चाळणीने चाळायला आम्हा दोघांना चार संध्याकाळी लागल्या आणि त्या चार संध्याकाळी आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही. जांभी माती आंबट असते म्हणून चुलीतली राख वर पेरली. हे मी वाचलेलं, आई नुसत्याच पेरत होत्या, मुंग्या बिया नेत नाहीत म्हणून.

शेणखताची गंमत वेगळीच. ट्रॉली रिकामी झाली आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या. मी हुमणी हुमणी म्हणून ओरडले, कारण फोनवर तसंच चित्र होतं, हुमणी मुळं खाते, झालं, सगळा वाफा गेला. आईंनी एक उचलली, तळहातावर फिरवली आणि म्हणाल्या एवढी मोठी हुमणी नसते, ही गेंड्याची. गेंडा भुंगा! ही अळी कुजत्या शेणात राहते, भाजीची मुळं काही खात नाही, पण तिचा भुंगा झाला की माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो. म्हणजे भाजी वाचली, माडांची काळजी. मग खत अंगणात पातळ पसरलं आणि शेजारच्या काकूंच्या कोंबड्या सोडल्या, त्यांनी दोन तासांत काम फत्ते केलं. काकू म्हणाल्या आठवडाभर अंडी झकास येत होती, ते खरं खोटं त्यांनाच ठाऊक.

आता पाऊस. गवंड्याला मी सांगितलं होतं की चिरे नुसते एकावर एक ठेव, सांधे भरू नकोस. पण तो पडला जुना कारागीर, चिऱ्याचं काम दर्जा (सांध्यातलं सिमेंट) न भरता सोडणं त्याच्या जिवाला लागलं असावं. मी दुपारी जेवायला आत गेले आणि बाहेर आले तोवर तिन्ही वाफ्यांचे सगळे सांधे सिमेंटने भरून, वर करणीने रेघ ओढून तयार. इतकं सुंदर दिसत होतं की मी काही बोललेच नाही. चहा दिला वर.

खाली कातळ, चारी बाजूंनी सिमेंटबंद चिरा आणि वरून रत्नागिरी जिल्ह्याचा पाऊस, जो वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त जून-जुलैत. पुढचं सांगायला हवं का? रोहिणी संपता संपता मी भेंडी, काकडी, माठ आणि मागच्या बाजूला वेल लावले. माठाचं बी वाळूत मिसळून अगदी सारखं पसरलेलं, तर पहिल्याच झोडपणाऱ्या सरीत ते सगळं वाहून एका कोपऱ्यात गेलं, तिथे लालभडक दाट गादी उगवली आणि बाकी वाफा टक्कल. ठीक आहे, ते उपटून खाल्लं. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाच दिवस उघडीप नाही, आणि सकाळी मी दार उघडून बघते तर तिन्ही वाफ्यांत मातीच्या वर दोन बोटं पाणी, त्यात काकडीची पानं तरंगतायत आणि काठावर एक बेडूक बसलेला. आई मागून आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, ‘हौद भरले गो.’

नवऱ्याने रेनकोट चढवला, छिन्नी-हातोडा घेतला. चिरा कापायला तसा मऊ, खालच्या थरात दर तीन फुटांवर एकेक भोक पाडलं, इंचभराच्या पाईपचे तुकडे ठोकले, माती वाहून जाऊ नये म्हणून आतून सोडणाच्या काथ्याचा बोळा लावला. पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा जे पाणी उडालं ते थेट त्याच्या गमबुटात, काळं, शेणाच्या वासाचं. मला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती. अर्ध्या तासात पाणी उतरलं. काकड्या मात्र गेल्या, मुळं कुजली होती, उपटल्या तर वरची साल हातात आली. भेंडी पिवळी पडून आठवड्याभराने सावरली. मागच्या बाजूचे वेल का कोण जाणे टिकले, गडग्याच्या बाजूला बहुतेक चिऱ्यांखालून कातळाला फट असावी.

आणि तेच वेल पुढे माझ्या चुकीचं उत्तर झाले. हात न पोचणारे मागचे दोन फूट होते ना, तिथे आईंनी पडवळ, दोडका आणि कारलं लावून गडग्यावरून मांडवावर चढवलं, म्हणजे मुळाशी रोज हात घालायला नको, फळं डोक्यावर लोंबतात. बियाणं दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, पडवळ कोकण श्वेता, दोडका कोकण हरिता, कारलं कोकण तारा. पडवळाला आई खाली छोटा दगड बांधतात, सरळ यावं म्हणून. ऑगस्टमध्ये मांडवाखाली उभं राहिलं की पडवळं खांद्याला लागायची. दोडके मात्र अर्धे वानरांनी खाल्ले. खाल्ले असते तर परवडलं असतं, एक चावा घेऊन फेकायचे हो! फटाके, बेचकी, जुनी साडी, सगळं करून झालं. कारल्याला त्यांनी हात लावला नाही, म्हणून सप्टेंबर अख्खा आम्ही कारली खाल्ली, शेवटी मुलगा म्हणाला मीपण वानर आहे असं समज.

गोगलगायी हा विषय थोडक्यात आटोपते, कारण आठवलं तरी अंगावर येतं. चिऱ्याच्या वरच्या खडबडीत अंगावर आणि कोपऱ्यांच्या खोबणीत त्या दिवसभर दडून बसतात, रात्री जेवणं झाली की टॉर्च आणि मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन निघायचं. एका रात्री 64 मोजल्या. मग मोजणं सोडलं.

दिवाळीपर्यंत वाफ्यातली माती चार-पाच इंच खाली बसली, पातेरा कुजला ना. पुन्हा शेणखत आणि माती भरली, या वेळी खत मे महिन्यापासून झाकून ठेवलेलं, काळं, चहापत्तीसारखं. हिवाळी भाजी लावली, मुळा, माठ, कोथिंबीर (धणे चपलेखाली रगडून), वांग्या-टोमॅटोची रोपं. तिसऱ्या वाफ्यात सगळं कसं तरारून आलं. पहिल्या आणि दुसऱ्यात कोथिंबीर लांबलचक, फिकी, काडीसारखी, मुळ्याला नुसती पानं. खत तेच, पाणी तेच, माती तीच. मला वाटलं रोग. फोटो काढून चार जणांना पाठवले, चार जणांनी चार फवारण्या सांगितल्या.

एके दिवशी दुपारी बाराला मी कपडे वाळत घालत होते आणि जाणवलं की पायाखालची फरशी गार आहे. वर बघितलं. शेजारच्यांचा आंबा, आमच्या दक्षिणेला, हद्दीपलीकडे, पस्तीसेक फूट उंच, त्याची सावली पहिला वाफा ओलांडून दुसऱ्यावर पसरलेली. भर दुपारी!

आणि मला तो ग्राफपेपर आठवला. मी जागा कधी बघितली होती? मे महिन्यात. टोपी घालून, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, प्रत्येक वेळी टिक करून, ‘ऊन भरपूर’ असं लिहिलेलं आहे कागदावर माझ्याच अक्षरात. आता आमच्या भागात मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, तो शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो तेव्हाच, काठी रोवली तर सावली तिच्याच पायात. म्हणजे सावली शोधायला मी वर्षातला नेमका तो महिना निवडला ज्यात सावली नसतेच. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, दुपारीसुद्धा आकाशात निम्म्याच्या जरासाच वर असतो, आणि झाडाची सावली उंचीच्या जवळजवळ साडेआठ दशांश उत्तरेला पडते. पस्तीस फुटी आंबा, तीसेक फूट सावली. मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात हे चित्रासकट आहे, त्याचा अभ्यास मीच घेते.

आईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? म्हणाल्या होतं की, म्हणून तर तिथे मी कधी मुळा लावला नाही. मग बोलला का नाहीत? ‘तू कागद घेऊन फिरत होतीस, मला वाटलं त्यात असेल.’

यावर काय बोलणार. राग पण येईना, कारण खरंच त्यांना तसं वाटलं असणार.

आंबा तोडायचा प्रश्न नाही, हापूस आहे आणि शेजारी दरवर्षी पेटी देतात. मग पिकं हलवली. पहिल्या वाफ्यात या वर्षी हळद आणि आलं लावायचंय. ते मे-जूनमध्ये लागतं, पावसाळाभर वाढतं, जेव्हा सूर्य वर असतो आणि आंब्याची सावली आंब्याखालीच राहते, आणि सावली लांबायला लागेपर्यंत हळदीची पानं सुकायला लागलेलीच असतात, जानेवारी-फेब्रुवारीत काढायची. वर वानरं हळदीकडे बघत नाहीत. दुसऱ्यात पावसाळ्यात भेंडी, हिवाळ्यात अळू, न्हाणीचं पाणी पन्हळीने तिकडे वळवलंय. अळवाला सावलीचं वावडं नाही. हिवाळ्याची ऊनवाली भाजी सगळी एकट्या तिसऱ्यावर, बिचारा तो. आणि चौथा वाफा झाला नाही ते किती बरं झालं, कारण तो तर कागदावर अगदी आंब्याला खेटून होता. आठ चिरे कमी पडले नसते तर आणखी एक कोथिंबिरीची स्मशानभूमी.

उन्हाळ्याचंही एक सांगायला हवं, कारण व्हिडिओवाले ते सांगत नाहीत. गादीवाफा लवकर सुकतो. पावसाळ्यात पाणी निघत नाही म्हणून रडले तीच मी मार्चमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालत होते, आणि आमची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. चार बोटं जाड पातेरा वर अंथरला तेव्हा कुठे दिवसाआड पाण्यावर आलं. पाईपच्या भोकांना उन्हाळ्यापुरती गुंडाळलेल्या चिंधीची बुचं मारली. एप्रिलच्या शेवटाला मिरची आणि थोडी वांगी सोडून बाकी सगळं बंद केलं, विहिरीला आराम.

खर्च वहीत 18,400 लिहिलाय, गमबूट धरून. त्या पैशांत किती मुळे आले असते हे नवऱ्याने एकदा हिशोब करून सांगितलं, परत सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र कागदावर नव्हती आणि सगळ्यात भारी निघाली. भिंत 9 इंच रुंद, 14 इंच उंच. आईंचे गुडघे गेलेत, गेली तीन-चार वर्षं त्यांना खाली बसून काही लावता येत नव्हतं, नुसत्या उभ्या राहून आम्हाला सांगायच्या. आता त्या चिऱ्यावर गोणपाट टाकून बसतात, कुशीवर वळतात आणि तण काढतात, वाटेवरून पुढे सरकत सरकत अख्खा वाफा एका सकाळीत. पावसात त्या चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि भयंकर घसरतं, म्हणून पहिल्या सरीनंतर मी काथ्याच्या ब्रशने घासून काढते. तेवढंच काम त्या मला सांगतात आता, बाकी स्वतः करतात.

चौथ्या वाफ्याची जागा मी डिसेंबरात शोधली, विहिरीच्या पश्चिमेला, 22 तारखेला दुपारी जाऊन खुंट्याच ठोकून आले, सावली कुठपर्यंत येते ते बघून. 37 चिऱ्यांत आतून 6 फूट बाय 3 फूट बसतो, या वेळी जाडी धरून मोजलंय, एक चिरा उरतो. पाऊस यायच्या आत बांधायचा होता, तोच गवंडी पण यायला तयार आहे, सिमेंट मी लपवून ठेवणार आहे. पण त्या 37 चिऱ्यांवर आईंनी सुपं मांडून आमसुलं वाळत घातलीयत, रोज रस लावून परत उन्हात, सगळी पुटं होईपर्यंत चिऱ्याला कुणी हात लावायचा नाही म्हणाल्यात, आणि आज सकाळपासून ढग यायला लागलेत.